आकडे दुसऱ्याचे, प्रबंध आपला?

कलाशाखेकडे वळणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या मनात दहावीनंतर एक मोठे समाधान असते : गणित सुटले! यापुढे समीकरणे नाहीत, प्रमेये नाहीत, आणि दोन नळांनी हौद किती वेळात भरेल याची विवंचनाही नाही. पदवीची वर्षे वाङ्मय, इतिहास आणि समाज यांच्या सहवासात बरी जातात. एम. ए. ला समाजशास्त्र, मानसशास्त्र, राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेतले की पहिले सत्रही निभावते. पुढे लघुप्रबंधाचे ते प्रकरण येते, ज्याचे नाव बहुधा 'माहितीचे विश्लेषण व अर्थनिर्वचन' असे असते. आणि तेथे सुटलेले गणित पुन्हा दारात उभे राहते.

यावर आपण सर्वांनी मिळून एक तोड काढली आहे. प्रश्नावली छापायची, गावोगाव किंवा वस्तीवस्तीत हिंडून ती भरून आणायची, आणि तो गठ्ठा आकडेमोड करून देणाऱ्या माणसाच्या हवाली करायचा. ठरलेले पैसे दिले की आठ-दहा दिवसांत तक्ते, आलेख आणि खाली 'सार्थक' किंवा 'असार्थक' असा निकाल तयार होऊन येतो. हल्ली तर तेवढीही वाट पाहावी लागत नाही. संगणकाला साध्या भाषेत सांगितले तरी तो तक्ता पुढ्यात आणून ठेवतो. मग आपण त्या तक्त्याखाली चार ओळी लिहितो : 'वरील तक्त्यावरून असे दिसून येते की...' काय दिसून येते ते तक्त्यात आधीच लिहिलेले असते. आपण ते वाक्यात बसवतो एवढेच.

या व्यवहाराला आपल्यात एक सहज रुळलेले क्रियापद आहे : 'स्टॅटिस्टिक्स करून घेतले.' माझ्या मते सारी गोम या क्रियापदात आहे. कोणी कविता करून घेतली तर आपण त्याला कवी म्हणत नाही. पण विश्लेषण करून घेणाऱ्याला आपण संशोधक म्हणतो, पदवी देतो आणि पुढे त्यालाच संशोधनपद्धती शिकवायला नेमतो. याचे कारण उघड आहे. संख्याशास्त्र हे टंकलेखन किंवा बांधणी यांसारखे प्रबंध पुरा झाल्यावरचे एक तांत्रिक काम आहे, अशी आपली समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे, आणि तिचे मोल आपण ज्यांच्याविषयी लिहितो त्या माणसांना द्यावे लागते, असे मला वाटते.

भूक मोजायची कशी?

हे म्हणणे नुसते हवेत राहू नये म्हणून आपल्याच मातीतले एक उदाहरण घेतो. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. माणसाला दिवसाला सरासरी २२५० कॅलरींचा आहार मिळावा, हे त्यांनी गमक धरले. राष्ट्रीय नमुना पाहणीची १९६०-६१ ची खर्चाची आकडेवारी घेऊन, एवढा आहार कोणत्या खर्चाच्या पातळीला मिळतो ते पाहिले. ग्रामीण भागात दरमहा दरडोई १५ रुपये आणि शहरी भागात साडेबावीस रुपये ही रेषा निघाली. ग्रामीण जनतेपैकी सुमारे ४० टक्के आणि शहरी जनतेपैकी सुमारे ५० टक्के लोक त्या रेषेखाली होते. दारिद्र्यावरच्या पुढच्या कितीतरी चर्चांचा पाया या आकड्यांवर उभा राहिला.

या मार्गाने भूक मोजण्याला आव्हान दिले ते पां. वा. सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी जन्मलेले सुखात्मे हे जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत त्यांनी १९५० व १९६० च्या दशकांत काम केले होते. त्यांचा प्रश्न साधा होता. आहाराची गरज म्हणून जो आकडा धरला जातो, तो सरासरीचा आहे. सरासरी म्हटली की काहींची गरज तिच्याहून कमी असणार, काहींची जास्त. मग सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक माणूस उपाशी कसा धरायचा? ते आणखी पुढे गेले. एकाच निरोगी माणसाचे खाणे आणि त्याची गरज रोज सारखी नसते. आजचा आकडा कालच्या आकड्याशी बांधलेला असतो, आणि शरीर काही मर्यादेत स्वतःला सांभाळून घेते. म्हणून भुकेची रेषा सरासरीवर न आखता सरासरीतून प्रमाण विचलनाची दुप्पट वजा करून आखावी, असे त्यांचे मत होते. असे केले की उपाशी माणसांची संख्या बरीच खाली येते.

दांडेकरांना हे पटले नाही. इतकी खाली रेषा आखली तर ज्यांच्या उपासमारीविषयी जवळजवळ शंकाच उरत नाही तेवढेच लोक मोजले जातील, आणि खरोखर कमी खाणारे असंख्य निसटतील, अशी त्या रेषेवरची हरकत होती. शरीर सांभाळून घेते हे खरे मानले तरी ते कशाच्या मोबदल्यात, खुरटलेल्या उंचीच्या की कमी झालेल्या कष्टशक्तीच्या, असेही प्रश्न त्या सुमारास विचारले गेले. हा वाद १९७० आणि १९८० च्या दशकांत 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या पानांवर रंगला.

या वादात कोण बरोबर होते याचा निवाडा मी करीत नाही. मला दाखवायचे आहे ते वेगळेच. येथे वाद कशावर होता? सरासरी आणि तिच्याभोवतीचे विचलन यांच्या अर्थावर. विचलन माणसामाणसांतले धरायचे, की एकाच माणसाच्या दिवसादिवसांतले? कालच्या आणि आजच्या नोंदीतला सहसंबंध कोणत्या प्रतिमानात बसवायचा? हे प्रश्न संख्याशास्त्राच्या भाषेतले आहेत. पण त्यांच्या उत्तरावर देशातले किती लोक उपाशी धरायचे हे ठरणार होते. अशा प्रश्नाचे उत्तर कोणाकडून 'करून घेता' येईल? आणि ते समजल्याशिवाय दारिद्र्यावर प्रबंध लिहिणाऱ्याने नेमके काय लिहिले, असे म्हणायचे?

चारशे की एकशे अडतीस?

कोणी म्हणेल, ही मोठ्या माणसांची मोठी भांडणे. आमच्या लघुप्रबंधाला सरासरी, टक्केवारी आणि एखादी काय-वर्ग कसोटी पुरते. प्रगत पद्धतींचे लोढणे आमच्या गळ्यात कशाला?

ठीक आहे, आपल्याच मापाचे उदाहरण घेऊ. समजा, एका विद्यार्थिनीने बचत गटांवर काम करायचे ठरवले. तिने २० गावे निवडली आणि प्रत्येक गावात २० स्त्रियांना प्रश्न विचारले. एकूण ४०० स्त्रिया झाल्या. तिला बचत गटात असणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण काढायचे आहे. पुस्तकातले नेहमीचे सूत्र सांगते की ४०० च्या नमुन्यात चूक फार तर सुमारे ५ टक्के इकडे-तिकडे होईल. पण ते सूत्र असे गृहीत धरते की या ४०० जणी एकमेकींपासून स्वतंत्रपणे, साऱ्या तालुक्यातून चिठ्ठ्या टाकून निवडल्या आहेत. वस्तुस्थिती तशी नाही. एका गावातल्या स्त्रियांची उत्तरे एकमेकींशी मिळतीजुळती असतात. एखाद्या गावात उत्साही कार्यकर्ती असते, तेथे बहुतेक जणी गटात. शेजारच्या गावात गट फुटलेला, तेथे कोणीच नाही. गावातल्या उत्तरांमधले हे साम्य ०.१ इतक्या अल्प सहसंबंधाचे असले, तरी हिशेब असा होतो : १९ गुणिले ०.१ म्हणजे १.९, त्यात १ मिळवून २.९. चारशेला २.९ ने भागले की सुमारे १३८ उरतात. म्हणजे तिच्या ४०० उत्तरांचे वजन स्वतंत्रपणे निवडलेल्या १३८ स्त्रियांच्या उत्तरांएवढे आहे, आणि चुकीची मर्यादा ५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांच्या पुढे जाते. जो फरक 'सार्थक' म्हणून तिने मोठ्या अक्षरांत छापला असता, तो कदाचित नुसता योगायोग असेल.

बहुस्तरीय प्रतिमाने हे भारदस्त नाव ऐकून आपण दचकतो. त्यामागची जाणीव मात्र एवढीच आहे की स्त्री घरात राहते, घर गावात असते आणि गाव तालुक्यात असते; फरक दिसला तर त्यातला किती त्या स्त्रीचा आणि किती तिच्या गावाचा, हे वेगळे करून पाहावे. हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला परके वाटावे असे त्यात काय आहे? व्यक्ती आणि समूह यांचे नाते हा तर आपल्या विषयाचा पहिला धडा.

दुसरे उदाहरण तक्त्यांच्या हौसेचे. प्रश्नावलीत शिक्षण, वय, उत्पन्न, कुटुंबाचा प्रकार असे पुष्कळ काही विचारलेले असते. मग प्रत्येकाचा प्रत्येकाशी तक्ता मांडायचा आणि कोठे 'सार्थक' येते ते पाहायचे, अशी आपल्याकडे पद्धत पडली आहे. पाच टक्क्यांची पातळी याचा अर्थ, मुळात कसलाही संबंध नसताना कसोटी शंभरातून पाच वेळा फसू शकते. अशा परस्परांपासून स्वतंत्र २० कसोट्या लावल्या, तर एक तरी खोटा 'सार्थक' निकाल हाती येण्याची शक्यता ६४ टक्के आहे. म्हणजे काहीच नसलेल्या ठिकाणीही काहीतरी सापडण्याचीच शक्यता अधिक! आणि मग त्या एकाच तक्त्यावर आपण सगळा निष्कर्ष उभारतो.

तिसरे उदाहरण अमेरिकेतले आहे, पण त्यातला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पदव्युत्तर प्रवेशांत १९७३ साली पुरुष अर्जदारांपैकी ४४ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला. स्त्रियांवर अन्याय झाला हे एका तक्त्यात सिद्ध झाले, असे वाटावे. पण विभागवार पाहिले तेव्हा बहुतेक विभागांत तसा पक्षपात आढळला नाही. एकत्रित हिशेबात तर कल किंचित स्त्रियांच्या बाजूनेच निघाला. स्त्रियांचे अर्ज जास्त करून अशा विभागांत होते, जेथे कोणालाच सहजी प्रवेश मिळत नव्हता. हे विश्लेषण १९७५ साली प्रसिद्ध झाले. यावरून अन्याय नव्हताच असे म्हणून मोकळे होता येत नाही. मुली गणिताची गरज असलेल्या विभागांकडे कमी का वळत होत्या, त्यांना लहानपणापासून कोठे वळवले जात होते, असा पुढचा प्रश्न उभा राहतो. चांगल्या पद्धतीने प्रश्न संपत नाही. तो योग्य जागी जाऊन बसतो. दोन चलांचा तक्ता पाहून थांबणाऱ्याला ती जागा कधी सापडतच नाही.

एका विद्यार्थ्याचा गृहपाठ

आता कोणी म्हणेल, आपण शिकलो तरी तज्ज्ञांच्या पुढे आपली काय मात्रा चालणार? त्यासाठी एक गोष्ट सांगतो. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामांकित अर्थशास्त्रज्ञांचा एक निबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की देशाची वाढ खुंटते, असा त्याचा आशय होता. युद्धोत्तर काळातल्या प्रगत देशांसाठी त्यांनी काढलेली सरासरी वाढ उणे ०.१ टक्का होती. युरोप-अमेरिकेतल्या राजकारण्यांनी सरकारी खर्चाला कात्री लावण्याच्या बाजूने हा निबंध पुनःपुन्हा पुढे केला.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲम्हर्स्ट येथील थॉमस हर्नडन या पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्गात गृहपाठ मिळाला होता : एखादा प्रसिद्ध निबंध घ्या आणि त्यातले आकडे पुन्हा काढून दाखवा. त्याने हा निबंध घेतला. आकडे काही जुळेनात. शेवटी मूळ लेखकांकडून त्यांचा तक्ता मिळाला, तेव्हा कळले की सरासरी काढताना वर्णानुक्रमातले पहिले पाच देश हिशेबातून सुटले होते. याखेरीज काही देशांची काही वर्षे वगळली गेली होती. आणि न्यूझीलंडच्या एका वाईट वर्षाला ब्रिटनच्या १९ वर्षांइतकेच वजन दिले गेले होते. हर्नडन आणि त्याचे दोन प्राध्यापक यांनी २०१३ साली सुधारलेला आकडा प्रसिद्ध केला : उणे ०.१ च्या जागी अधिक २.२. मूळ लेखकांनी देश सुटल्याची चूक मान्य केली. मुख्य निष्कर्ष मात्र त्यांनी सोडला नाही.

यात विद्यार्थ्याने कोणती अगम्य विद्या वापरली? सरासरी देशाची काढायची की वर्षाची, कोणाला किती वजन द्यायचे, हे विचारण्याचे धाडस त्याने केले, आणि स्वतःच्या हाताने आकडे पुन्हा काढण्याइतकी त्याची तयारी होती. ज्याने आपले विश्लेषण आयुष्यात एकदाही स्वतः केलेले नाही, त्याला दुसऱ्याचे कसे तपासता येणार? आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

'काही नाही, घरीच असते'

एका आक्षेपाला मात्र आदराने उत्तर दिले पाहिजे. आपल्यातले काही प्राध्यापक आणि अनेक वाङ्मयप्रेमी मित्र म्हणतात की आकड्यांच्या राशीखाली माणूस गाडला जातो. समाज कळायला हवा तर माणसांत बसावे, त्यांचे बोलणे ऐकावे. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि प्रगत पद्धतींचे वेड लागलेल्यांनी ते कानांआड करू नये.

शेतकऱ्याच्या घरी जाऊन बाईला विचारा, 'ताई, तुम्ही काय काम करता?' 'काही नाही, घरीच असते,' असे उत्तर येते. हे म्हणणाऱ्या बाईने पहाटेपासून गोठा झाडलेला असतो, खुरपणीला जाऊन आलेली असते आणि संध्याकाळी पुन्हा वैरण आणायची असते. प्रगणकाने ते उत्तर जसेच्या तसे लिहिले की देशातली एक कष्टकरी स्त्री 'काम न करणारी' ठरते. म्हणून १९९१ च्या जनगणनेत कामाविषयीच्या प्रश्नात, शेतावर किंवा घरच्या उद्योगात विनामोबदला केलेले कामही धरावे, अशी स्पष्ट भर घालण्यात आली. प्रश्न चुकला असेल तर त्यावर कितीही प्रगत पद्धत चालवा. चूक दशांश चिन्हानंतरच्या चार स्थळांपर्यंत अचूक मिळेल, एवढेच.

पण खरे संख्याशास्त्रज्ञ हे जाणतात. सुखात्मे १९४० च्या दशकात पिकांच्या उताऱ्याचे अंदाज कसे काढावेत यावर काम करीत होते. शेतात छोटा तुकडा आखून तेवढेच पीक कापून मोजायचे, हा सोपा मार्ग. त्यांनी दाखवून दिले की तुकडा फार लहान घेतला तर उतारा खऱ्याहून जास्त निघतो. कारण कापणाऱ्याचा कल काठावरची रोपे आत धरण्याकडे असतो, आणि तुकडा जितका लहान तितका काठाचा वाटा मोठा. हे कळायला सूत्र हवे, आणि बांधावर उभे राहून कापणाऱ्याचा हात पाहायलाही हवा. दोन्ही एकाच माणसाने करायचे आहे, एवढेच माझे म्हणणे आहे. शेत एकाने पाहिले आणि सूत्र दुसऱ्याने लावले, तर काठावरच्या रोपांची वार्ता सूत्रापर्यंत पोहोचतच नाही. आपल्या प्रबंधांत नेमके हेच घडते. गावात हिंडलेल्याला आकडेमोड कळत नाही आणि आकडेमोड करणाऱ्याने गाव पाहिलेले नसते.

शिकायचे कसे?

नुसती तक्रार करून थांबणे बरे नव्हे. काही सूचना करतो. त्यांपैकी एकीलाही फार पैसे लागत नाहीत.

पहिली सूचना क्रमाची. आपण थेट संगणकापुढे बसतो आणि कोणती कळ दाबायची ते शिकतो. त्याऐवजी पहिला महिना कागद-पेन्सिल घेऊन दहा-बारा आकड्यांवर घालवावा. सरासरी, विचलन, सहसंबंध हाताने काढावेत. मग आलेखकागदावर ठिपके मांडून त्यांतून रेषा काढून पाहावी. परिभाषेत जिला समाश्रयण म्हणतात आणि वर्गात सगळे जिला रिग्रेशन म्हणतात, ती हीच रेषा. तिच्यात एकाऐवजी चार चल आले, उत्तर आकड्याऐवजी 'होय-नाही' असे आले, घर-गाव असे थर आले, की एकेक 'प्रगत' पद्धत तयार होते. मूळ रेषा समजली असेल तर पुढचे सारे तिचे नातेवाईक आहेत. ती समजली नसेल तर सगळेच परके.

दुसरी सूचना भाषेची. हा विषय मराठीत समजावून सांगितला पाहिजे. पारिभाषिक शब्द इंग्रजी राहिले तरी हरकत नाही. अर्थ मात्र मराठीत उतरला पाहिजे. रिग्रेशन म्हणजे मागे वळणे. फ्रान्सिस गॉल्टन याने १८८६ साली आईबापांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास मांडला, त्यातून हा शब्द आला : फार उंच आईबापांची मुले उंच असतात, पण सरासरीकडे थोडी वळलेली. एवढी गोष्ट सांगितली तरी शब्दाची भीती निम्मी होते. आणि हाच गॉल्टन माणसांची 'सुधारित पैदास' करू पाहणाऱ्या विचाराचा जनक होता, हेही त्याच तासाला सांगावे. हत्यार कोणी, कशासाठी घडवले हे माहीत असले की ते जपून धरले जाते.

तिसरी सूचना सामग्रीची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबांची माहिती घेतलेली आहे. ती अभ्यासकांना रीतसर मागणी केल्यावर विनामूल्य मिळते. राष्ट्रीय नमुना पाहणीची कुटुंबवार आकडेवारीही मिळते. 'आर' नावाची विश्लेषणाची प्रणाली फुकट आहे. प्रत्येकाने घाईघाईने शंभर प्रश्नावल्या भरून आणण्यापेक्षा एका वर्गाने वर्षभर या सामग्रीतला एका जिल्ह्याचा भाग घेऊन बसावे. नमुना कसा निवडला, प्रत्येक कुटुंबाला वजन का दिले आहे, वजन न लावता टक्केवारी काढली तर किती फरक पडतो, कोणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही आणि का, हे सर्व एकाच सामग्रीवर शिकता येईल.

चौथी सूचना शिस्तीची. माहिती गोळा करण्यापूर्वी प्रश्न आणि कसोटी कागदावर लिहून मार्गदर्शकांकडे द्यावी. मग वीस तक्त्यांतून एक निवडण्याचा मोह आपोआप आवरतो. आणि केलेल्या प्रत्येक पायरीची वही ठेवावी, म्हणजे हर्नडनसारखा एखादा पुढचा विद्यार्थी आपले आकडे पुन्हा काढून पाहू शकेल.

पाचवी सूचना गुरुजनांना, हात जोडून. संख्याशास्त्र शिकवणारे आणि समाजशास्त्र शिकवणारे यांची एकमेकांशी गाठ पडते ती बहुधा परीक्षेच्या पर्यवेक्षणाला. आठवड्यातून एक तास दोघांनी एकाच वर्गात उभे राहावे. आणि तोंडी परीक्षेत एकच प्रश्न हमखास विचारावा : 'तुमच्या प्रबंधातल्या कोणत्याही एका तक्त्यातला एक आकडा घ्या. तो कसा आला आणि काय गृहीत धरल्यामुळे आला, ते फळ्यावर सांगा.' या एका प्रश्नाने 'करून घेण्या'चा बाजार दोन वर्षांत बसेल.

यावर कोणी असे समजू नये की प्रत्येक प्रबंधात भारी पद्धती कोंबाव्यात असा माझा आग्रह आहे. पुष्कळदा नीट वाचलेला एक साधा तक्ता पुरतो. पण तो पुरतो हे ठरवायला त्यापलीकडे काय आहे ते माहीत असावे लागते. प्रगत पद्धत केव्हा वापरू नये, हेही ती शिकल्यावरच कळते.

शेवटी एक गोष्ट आपण विसरता कामा नये. आपली प्रश्नावली भरून देणारी बाई खुरपणी थांबवून, हात पदराला पुसून अर्धा तास आपल्यापुढे बसते. ओळख ना देख, तरी ती आपले उत्पन्न, आपले दुखणे, घरातले भांडणही सांगते. तिला त्या बदल्यात आपण काही देत नाही. ती आपल्या चारशेंपैकी एक होते आणि तिची नोंद तक्त्यात विरघळते. त्या तक्त्यावरून उद्या कोणी योजना आखील, कोणी बंद करील. तिने आपल्यावर एक विश्वास टाकलेला असतो : आपण तिचे म्हणणे नीट मोजू. हा विश्वास पैसे देऊन तिसऱ्याच्या हवाली करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

म्हणून मित्रहो, उन्हाळ्याच्या सुट्टीत कोरी वही आणा आणि पहिल्या पानावर दहा आकडे लिहून त्यांची सरासरी काढा. पुढचे प्रत्येक पान त्या पानावरूनच उलटता येते.